अमेरिका आणि उधारीची वही

अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास वाचताना मला आता एक खोडच लागलीये, गोष्टीत नवीन माणूस आला की आधी बघायचं हा कुणाचं देणं लागतो. आणि दर वेळी काही ना काही सापडतंच. वॉशिंग्टन घ्या, जेफरसन घ्या, प्लिमथला उतरलेली ती देवभोळी मंडळी घ्या, मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी घ्या, अगदी सुप्रीम कोर्टाचा एक न्यायाधीशसुद्धा, सगळ्यांच्या मागे कुणीतरी वसुलीवाला उभा. पुस्तकात पैशाचा विषय येतो तो टॅक्सपुरता, म्हणजे इंग्लंडने टॅक्स लावला, लोक चिडले, चहा समुद्रात टाकला, देश स्वतंत्र झाला, संपलं. पण टॅक्स लावायची वेळ का आली हे बघायला गेलं की मागून उधारीच निघते, आणि ती उधारी शेवटी फेडली कुणी हे बघायला गेलं की मग हा खेळ फारसा मजेचा राहत नाही.

कोलंबसवर जास्त नाही लिहीत, तो सगळ्यांना पाठ आहे. फक्त राणी इसाबेलाने दागिने गहाण ठेवून जहाजं दिली वगैरे जे सांगतात ना, ते सोडून द्या. पैशाची जुळवाजुळव केली ती लुईस दे सांतांखेल नावाच्या, राजा फर्डिनांडच्या दरबारातल्या कारभाऱ्याने. आणि पालोस नावाच्या बंदराच्या गावाला दरबाराने काहीतरी दंड ठोठावलेला होता, त्याच्या वसुलीत त्या गावाकडून दोन जहाजं घेतली. म्हणजे १४९२ च्या त्या जगप्रसिद्ध सफरीत तीनपैकी दोन जहाजं दंडापोटी आलेली. इथपासूनच सुरुवात.

आता इंग्रजांकडे येऊ. १६०६ मध्ये राजा पहिला जेम्स याने लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. हे नीट लक्षात घ्या की ही राजाच्या खजिन्यातून निघालेली मोहीम नव्हती, लोकांकडून पैसे गोळा केलेली कंपनी होती, पुढे एका शेअरचा भाव १२ पौंड १० शिलिंग ठेवला होता. मे १६०७ मध्ये शंभरेक माणसं जेम्सटाउनला उतरली, त्यात हाताला कधी माती न लागलेले जंटलमन लोक भरपूर, आणि लंडनला इन्व्हेस्टर लोक डोळे लावून बसलेत की सोनं कधी येतंय. सोनं काही नव्हतंच. मग १६०९-१० चा हिवाळा आला, त्याला तिकडे उपासमारीचा काळ असंच नाव आहे, तीनशेच्या आसपास माणसं किल्ल्यात अडकलेली होती, बाहेर तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांचा वेढा, वसंत ऋतूत मोजली तर साठ उरली. घोडे खाल्ले, कुत्रे खाल्ले, उंदीर खाल्ले, चपलांचं कातडं खाल्लं. तिथल्या उत्खननात २०१२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी मिळाली आणि तिच्यावर सुऱ्याने मांस काढल्याच्या खुणा आहेत. आणि यानंतर कंपनीने काय करावं? तर १६१२ मध्ये लॉटरी काढली. पैसे कमी पडत होते ना.

ही लॉटरी लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

कंपनीला हात दिला तो तंबाखूने. जॉन रॉल्फने वेस्ट इंडिजकडचं बियाणं लावून बघितलं, लंडनला ते चाललं, आणि मग व्हर्जिनियात जो तो तंबाखूच लावायला लागला, इतका की चलन म्हणून तंबाखूच वापरायला लागले. टॅक्स तंबाखूत, दंड तंबाखूत, पुढे तर चर्चच्या पाद्र्याचा पगार कायद्याने वर्षाला १६,००० पौंड वजनाची तंबाखू असा ठरलेला होता. पण तंबाखूला माणसं लागतात. सुरुवातीला इंग्लंडमधून गरीब पोरं यायची, बोटीच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं राबायच्या करारावर, म्हणजे आधीच उचल घेतलेली माणसं. आणि ऑगस्ट १६१९ च्या शेवटी व्हाइट लायन नावाचं जहाज पॉइंट कम्फर्टला लागलं, त्यातून अंगोलाकडून पकडून आणलेली वीसेक माणसं उतरवली आणि ती खाण्यापिण्याच्या सामानाच्या बदल्यात दिली गेली. त्याच वर्षी, महिनाभर आधी, त्याच व्हर्जिनियात पहिली निवडून आलेली विधानसभा भरली होती. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात. कंपनी मात्र बुडालीच, १६२४ मध्ये राजाने सनद काढून घेतली.

माझी सगळ्यात आवडती उधारी प्लिमथची, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या इंग्रज वस्तीची आहे. तिथे गेलेल्या मेफ्लॉवर जहाजावर १०२ प्रवासी होते, धर्मासाठी निघालेले वगैरे सगळं खरं, पण बोटीचं भाडं आणि सामान कुणी दिलं? लंडनच्या सत्तरेक व्यापाऱ्यांनी, आणि अट अशी की सात वर्षं सगळी कमाई एकत्र, मग वाटणी. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली. उरलेल्यांना मका कसा लावायचा हे शिकवलं टिस्क्वांटमने, ज्याला आपण स्क्वांटो म्हणून ओळखतो, आणि या माणसाची स्वतःची गोष्ट अशी की १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं, तिथून तो कसाबसा लंडनला पोचला, तिथून परत आपल्या गावी आला तर गाव साथीत संपलेलं. प्लिमथ त्या रिकाम्या गावावरच वसलंय.

तर १६२१ मध्ये फॉर्च्यून नावाचं जहाज आलं, बरोबर नवीन माणसं, खायला काहीच नाही, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचं एक खरमरीत पत्र, की मेफ्लॉवर रिकामी कशी काय परत पाठवलीत? अरे बाबांनो निम्मे लोक मेले! पण या लोकांनी बिचाऱ्यांनी होतं नव्हतं ते गोळा केलं, बीव्हर नावाच्या पाण्याकाठच्या प्राण्याची कातडी, लाकडाच्या फळ्या, सगळं मिळून ५०० पौंडांच्या आसपासचा माल, म्हणजे जवळजवळ अर्धं कर्ज एका फटक्यात फिटलं असतं. आणि वाटेत फ्रेंचांनी जहाज लुटलं. सगळा माल गेला. पुढे १६२६ मध्ये तडजोड झाली, १८०० पौंड, वर्षाला २०० च्या हप्त्याने, म्हणजे नऊ वर्षांत सुटका. प्रत्यक्षात शेवटचा हिशोब मिटायला १६४८ उजाडलं. मधल्या काळात मधल्या माणसांनी काय काय घोळ घातले ते वाचलं तर डोकं फिरतं. आणि फेडलं कशाने, तर युरोपात टोप्या बनायच्या त्या बीव्हरच्या कातड्यांवर. थँक्सगिव्हिंगच्या चित्रात तो हप्ता कुठे दिसत नाही.

इथून सरळ दीडशे वर्षं पुढे उडी मारते.

व्हर्जिनियाचे मोठे बागायतदार, म्हणजे वॉशिंग्टन-जेफरसन वर्ग, बाहेरून बघितलं तर राजेशाही थाट. पण धंदा चालायचा कसा बघा. तंबाखूची पिंपं भरून लंडनच्या व्यापाऱ्याकडे पाठवायची, तो विकणार, आपलं कमिशन कापणार, भाडं कापणार, विमा कापणार, आणि उरलेल्या पैशात तुमच्या यादीप्रमाणे सामान पाठवणार, कोट, बग्गी, वाइन, खुर्च्या, सुया. भाव त्याचा, वजन त्याचं, वही त्याची. यादी नेहमीच तंबाखूपेक्षा मोठी, मग फरक पुढच्या वर्षाच्या खात्यावर, व्याजासकट. वॉशिंग्टनची लंडनच्या रॉबर्ट केरी कंपनीला लिहिलेली पत्रं आहेत, त्यात तो वैतागलाय की माल जुनाट पाठवता, भाव अव्वाच्या सव्वा लावता. १७६४ पर्यंत त्याच्यावर जवळपास १८०० पौंड चढले होते. पण माणूस हिशोबी, त्याने सरळ तंबाखू सोडला आणि गहू लावला, पिठाची गिरणी चालवली, पोटोमॅक नदीतले मासे खारवून विकले. पुढे याच माणसाने क्रांतीचं सैन्य चालवलं यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

जेफरसनला हे जमलं नाही. १७७३ मध्ये त्याचे सासरे जॉन वेल्स वारले, आणि वारशात बायकोच्या वाट्याला काय आलं तर हजारो एकर जमीन, १३५ गुलाम माणसं, आणि ब्रिस्टलच्या एका व्यापारी पेढीचं डोंगराएवढं कर्ज. जेफरसनने कर्ज फेडायला जमीन विकली, पण विकली उधारीवर, आणि ते पैसे हातात आले तेव्हा क्रांती चालू होती, मिळाले ते कागदी नोटांत ज्यांना काडीची किंमत उरली नव्हती, आणि ब्रिस्टलवाले म्हणाले आम्हाला हे कागद नकोत. म्हणजे जमीन पण गेली आणि कर्ज पण तसंच. त्या १३५ माणसांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुलंबाळं होती. हे पण लक्षात राहू द्या.

आता टॅक्स. इंग्लंडने फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध जिंकलं १७६३ मध्ये, आणि त्यात सरकारचं कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेलं. लंडनचं म्हणणं, हे युद्ध तुमच्या रक्षणासाठी झालं, थोडं तुम्ही पण भरा. म्हणून १७६५ चा स्टँप अ‍ॅक्ट, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे कॅट, सगळ्यावर स्टँप. आरडाओरडा झाला, पुढच्या वर्षी मागे घेतला. मग १७७३ चा चहा. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा स्वतःच गळ्यापर्यंत बुडालेली, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेलेले, गोदामात चहा साचलेला, सरकारकडून १४ लाख पौंडांचं कर्ज घ्यायची वेळ आली. तो चहा खपवायला कंपनीला अमेरिकेत थेट विक्रीची सूट दिली. त्यामुळे चहा उलट स्वस्तच झाला असता! पण त्यातला पौंडभर वजनामागे तीन पेन्स टॅक्स तसाच ठेवला, आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा आणि स्मगलरांचा धंदा बसणार होता. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनमध्ये ३४२ पेट्या पाण्यात, साधारण ९,६५९ पौंडांचा माल, आणि चहा होता चिनी. बेंजामिन फ्रँकलिनचं तेव्हा मत होतं की कंपनीला नुकसानभरपाई द्यायला हवी. ती कुणी दिली नाही.

स्वातंत्र्याचं युद्ध सुरू झालं १७७५ ला आणि काँग्रेसकडे, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेकडे, टॅक्स लावायचा अधिकारच नाही, टॅक्सविरुद्धच तर भांडण. मग नोटा छापल्या. आधी वीस लाख डॉलर, मग अजून, मग अजून, वीस कोटींच्या वर गेल्या, त्यात इंग्रजांनी खोट्या नोटा सोडल्या, आणि मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच जाहीर केलं की चाळीस कागदी डॉलरला एक खरा. बाकी फ्रान्स, स्पेन, हॉलंडकडून कर्ज. १७८१ मध्ये यॉर्कटाउनकडे कूच करताना सैनिक अडून बसले की खऱ्या नाण्यांत पगार द्या, तेव्हा मदतीला आलेल्या फ्रेंच सैन्याचा सेनापती रोशांबो याच्या तिजोरीतून उसने पैसे घेऊन त्यांना एक महिन्याचा पगार दिला गेला. बऱ्याच जणांना कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा चांदी बघायला मिळाली. बाकीचा पगार कागदी सर्टिफिकेटवर, नंतर देऊ.

आणि घरी परतल्यावर या लोकांचं काय झालं, तर हा भाग मला सगळ्यात जास्त चटका लावतो. युद्ध संपल्यावर इंग्लंडचे व्यापारी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना म्हणाले रोख द्या, बॉस्टनवाले गावच्या दुकानदाराला म्हणाले रोख दे, दुकानदार शेतकऱ्याला म्हणाला रोख दे. शेतकऱ्याकडे गाय आहे, धान्य आहे, रोख कुठून आणणार. त्यात मॅसॅच्युसेट्स सरकारने युद्धाचे बाँड फेडायला टॅक्स वाढवला आणि तो पण नाण्यांतच भरा म्हणे. ते बाँड कुणाकडे होते? सैनिकांनी पोटासाठी कवडीमोलाने विकलेली सर्टिफिकेटं बॉस्टनच्या सट्टेवाल्यांनी घेऊन ठेवली होती. म्हणजे ज्याने बंकर हिलला लढाई केली त्याच्याच गायीचा लिलाव करून, त्याच्याकडून घेतलेल्या कागदाची पूर्ण किंमत दुसऱ्यालाच द्यायची.

डॅनियल शेज हा तसाच एक कॅप्टन. लाफायेत या फ्रेंच सेनानीने त्याला भेट दिलेली तलवार होती, ती त्याने पैशासाठी विकली. ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्थॅम्प्टनला शेकडो शेतकरी जमले आणि त्यांनी कोर्ट भरूच दिलं नाही, साधा हिशोब, कोर्ट भरलं नाही तर जप्तीचा हुकूम नाही. मग एकामागून एक गावात हेच. सरकारकडे सैन्याला पैसे नाहीत म्हणून बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सैन्य उभं केलं, खरंच, वर्गणी. २५ जानेवारी १७८७ ला शेजची माणसं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली, तिथल्या पहाऱ्यावरच्या सैनिकांनी तोफ डागली, चार मेले, बाकीचे बर्फातून पळाले. शेजला पुढे माफी मिळाली आणि तो १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गरिबीतच वारला.

चार महिन्यांत फिलाडेल्फियात राज्यघटनेची बैठक बसली. त्या घटनेत एक कलम आहे ज्याकडे कुणी फार बघत नाही, कुठल्याही राज्याने कागदी नोटा काढायच्या नाहीत आणि करारांची जबाबदारी कमी करणारा कायदा करायचा नाही. घटनेने ज्याला बंदी घातली, शेजच्या लोकांना नेमकं तेच हवं होतं. मला हा योगायोग वाटत नाही.

मग हॅमिल्टन, नव्या सरकारचा अर्थमंत्री. जानेवारी १७९० चा त्याचा रिपोर्ट म्हणतो की देशाचं आणि राज्यांचं मिळून पावणेआठ कोटी डॉलरच्या आसपास कर्ज आहे आणि सगळं मान्य करा, पूर्ण किमतीने. काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन म्हणाला अहो निदान मूळ सैनिकाला तरी काही वाटा द्या, सगळं सट्टेवाल्याच्या घशात का. मतदान झालं, ३६ विरुद्ध १३, मॅडिसन हरला. हॅमिल्टनची बाजू मला कळते, विश्वास बसायचा तर कागद ज्याच्या हातात त्याचाच मानावा लागतो, आणि त्यामुळे देशाची पत खरंच उभी राहिली. पण तरी मी त्या दिवशी मॅडिसनबरोबर हात वर केला असता. राज्यांच्या कर्जाचं मात्र अडलं होतं, ते जेफरसनच्या घरी जेवणावर सुटलं, हॅमिल्टनला कर्ज आणि दक्षिणेला पोटोमॅकवरची राजधानी. आणि हप्ते भरायला व्हिस्कीवर टॅक्स, त्यावरून १७९४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात परत बंड, आणि या वेळी स्वतः वॉशिंग्टन १३ हजारांच्या आसपास फौज घेऊन निघाला.

गरीबच बुडाले असं नाही हां. रॉबर्ट मॉरिस, ज्याने क्रांतीचा सगळा पैसा सांभाळला, तो जमिनींच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ मध्ये फिलाडेल्फियात कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला, वॉशिंग्टन तिथे जाऊन त्याच्याबरोबर जेवला. जेम्स विल्सन तर आणखी भारी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, घटनेवर सही, सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, आणि पदावर असताना कर्जापायी तुरुंगात, एकदा न्यू जर्सीत, मग सावकारांपासून पळत नॉर्थ कॅरोलायनात तर तिथे पण. तिथे त्याला आत टाकणारा पिअर्स बटलर, तो पण घटनेवर सही केलेलाच. १७९८ मध्ये एडेंटनला विल्सन वारला, तेव्हाही तो न्यायाधीशच होता.

१८०३ ला नेपोलियनच्या फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख घेतला दीड कोटी डॉलरला, तो पण कर्जावर, लंडनची बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमची होप या पेढ्या, सहा टक्के व्याज. म्हणजे इंग्लंडशी लढायला नेपोलियनला लागणारा पैसा लंडनच्याच पेढीने जुळवून दिला. पेढीला काय.

पण त्याच वर्षी फेब्रुवारीत जेफरसनने, तो तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता, इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनला एक खासगी पत्र लिहिलंय, ते वाचून मी थांबले होते. त्यात तो म्हणतो की इंडियन, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांसाठी सरकारी दुकानं वाढवा आणि त्यांच्यातल्या वजनदार माणसांना उधारीत पडू द्या, कारण देणं आवाक्याबाहेर गेलं की ते जमीन देऊन टाकायला तयार होतात. ज्या माणसाने स्वतः सासऱ्याच्या कर्जापायी जमिनी विकल्या त्याला हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. १८०५ मध्ये माउंट डेक्स्टरचा करार झाला, चॉक्टॉ लोकांनी ४० लाख एकरांहून जास्त जमीन दिली, बदल्यात ५०,००० डॉलर, आणि त्यातले ४८,००० थेट पँटन लेस्ली या व्यापारी पेढीच्या उधारीत वळते.

जेफरसनचं स्वतःचं खातं मात्र फुगतच गेलं. १८१५ ला पुस्तकं काँग्रेसला विकली, २३,९५० डॉलर आले आणि सावकारांकडे गेले. १८१८ ला एका मित्राच्या २०,००० डॉलरच्या कर्जाला जामीन राहिला, दुसऱ्या वर्षी मंदी आली, मित्र बुडाला. १८२६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने त्याला इस्टेटीची लॉटरी काढायची परवानगी दिली, हो, परत लॉटरी. ती काही झाली नाही. ४ जुलै १८२६ ला तो वारला तेव्हा कर्ज एक लाख डॉलरच्या वर होतं.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर, म्हणजे जेफरसनच्या इस्टेटीवर, लिलाव झाला. फर्निचर, जनावरं, आणि १३० माणसं. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार, एलिझाबेथ हेमिंग्जचा नातू. जेफरसनने मृत्युपत्रात त्याला मोकळं केलं होतं, पण फक्त त्याला. त्याची बायको ईडिथ, जी जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या घरात फ्रेंच स्वयंपाक शिकून मॉन्टिचेलोची मुख्य आचारीण झाली होती, ती आणि मुलं लिलावात वेगवेगळ्या लोकांना विकली गेली. फॉसेटने नातेवाइकांच्या मदतीने पुढे बायको आणि काही मुलं सोडवली. त्यांचा मुलगा पीटर लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. त्याला विकत घेणाऱ्या जोन्सने बापाला शब्द दिला होता की पैसे जमव, पोरगा परत देतो. बापाने पैसे जमवले आणि जोन्स नाही म्हणाला. पीटर दोनदा पळाला, पकडला गेला, परत लिलावाला उभा राहिला, आणि १८५० च्या सुमारास कुठे घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या पैशांतून सुटून सिनसिनाटीला पोचला. तिथे त्याने केटरिंगचा धंदा केला आणि पुढे तो बाप्टिस्ट चर्चचा पाद्री झाला.